विंध्याचल उतरायचा असतो

नकाशात इंदूरच्या खाली विंध्याचल असं ऐसपैस अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि बाहेरून आलेला पाहुणा इथे येऊन डोंगर शोधत बसतो. नाही सापडत. शहरातल्या भंवरकुआं चौकातून खंडवा रोडला लागा, तेजाजी नगर मागे टाका, सिमरोलपर्यंत जा, रस्ता आपला सरळ, दोन्हीकडे पावसाळ्यात सोयाबीन नाहीतर हिवाळ्यात गहू-हरभरा, आणि सिमरोलच्या पुढे एका वळणावर जमीनच संपते. समोर काही उभं नसतं, जे आहे ते खाली असतं. दरी, तिच्या उतारावर साग, त्याच्या पलीकडे अजून एक दरी, आणि हवा स्वच्छ असेल तर पार खाली धुरकट निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातला मुलुख. झाला विंध्याचल. इंदूरहून तो चढायचा नसतो, उतरायचा असतो.

मराठी माणसाला खरं तर ह्याचं नवल वाटायला नको. पुण्याहून मुंबईला निघालं की खंडाळ्याला हेच होतं, देश संपतो आणि कोकण खाली दिसायला लागतं. दगडसुद्धा तोच, काळा बसाल्ट, एकाच लाव्ह्याचा. तरी पुण्याची माझी मावसबहीण आली की म्हणणार, अगं तुमच्याकडे घाटबीट काही नाही ना, सगळं सपाट. मग मी तिला महूवरून जाम गेटला नेऊन उभी करते आणि बाईसाहेब अर्धा तास नुसते फोटो काढत बसतात. जाम गेट म्हणजे अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा, महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, अगदी कडेला. राजधानी खाली महेश्वरला आणि मुलुखाचा मोठा भाग वर माळव्यात, तेव्हा येणंजाणं ह्याच घाटातून. दरवाजाच्या इकडे माळवा, तिकडे निमाड. भूगोलाच्या पुस्तकात जी रेघ असते ना, ती इथे दगडात बांधून ठेवलीये.

मुलांना समजवायला मी गच्चीचं सांगते. माळवा म्हणजे एक मोठी गच्ची, उतार दिलाय उत्तरेकडे, त्यामुळे पडेल ते पाणी तिकडे वाहून जातं, आणि दक्षिणेच्या बाजूला कठडा बांधायचाच राहून गेलाय. त्या बिनकठड्याच्या कडेला धरून जी पट्टी आहे, पूर्वेला उदयनगरच्या बाजूपासून सिमरोल, चोरल, पातालपानी, महू करत पश्चिमेला मानपूरपर्यंत, तेच आपलं जंगल. इंदूर वनमंडळाच्या रेंज (वनपरिक्षेत्रं) बघितल्या तरी हेच दिसतं, इंदूर, महू, मानपूर, चोरल, म्हणजे जवळजवळ सगळं दक्षिणेला. वायव्येला देपालपूरकडे जंगल शोधायला गेलात तर बाभळीच मिळतील.

आणि हे जंगल इथेच का राहिलं, तर कोणी मुद्दाम राखलं म्हणून नाही हो. मोबाइलवर सॅटेलाइट व्ह्यू लावा, वरती पठारावर शेतांचे चौकोन, खाली निमाडात पुन्हा शेतांचे चौकोन, आणि मधे वेडीवाकडी गडद पट्टी. जिथे जिथे नांगर चालला तिथे तिथे माणसानं जंगल काढलं. काळी माती म्हणजे सोनं, ती कोण सोडतंय. जिथे उतार एवढा की बैलजोडी उभी राहू शकत नाही आणि माती वीतभर सुद्धा नाही, तिथलं तेवढं झाड उरलं. म्हणून ह्या जंगलाची हद्द साधारण उताराची हद्द आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की कुठे कुठे गव्हाचं शेत, एक बांध, आणि बांधाच्या पलीकडे साग सुरू. ह्याला मोठं जंगल म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं, लांबी पुष्कळ आहे पण रुंदी नाही.

आता थोडं दगडाबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला तो एकदम नाही पसरला, थरावर थर. दोन थरांच्या मधे बराच काळ गेला की वरचा भाग कुजून लाल माती व्हायची, मग त्याच्यावर पुढचा लाव्हा. त्यामुळे आज घाटात कुठेही रस्ता कापलेला बघितलात तर काळा टणक दगड, मग भुसभुशीत फोड आलेला दगड, मधेच लालसर पट्टा, मग पुन्हा टणक. खंडवा रोडच्या भेरू घाटात ट्रक बंद पडून जाम लागला (लागतोच) की गाडीतून उतरून बघा, वेळ चांगला जातो. मऊ थर पाण्यानं आधी खाल्ला जातो, वरचा टणक थर अधांतरी राहतो, मग एक दिवस कोसळतो. म्हणजे कडा कायम मागे सरकतोय, उत्तरेकडे, आपल्याकडे. घाबरू नका, हजारो-लाखो वर्षांचं काम आहे, इंदूरला लागून असलेल्या राऊपर्यंत यायला अवकाश आहे.

दक्षिणेकडे नर्मदा एका खचलेल्या पट्ट्यातून वाहते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आणि बडवाह-मंडलेश्वरकडे नर्मदा दीडशेच्या आसपास. चारशे मीटरचा फरक, तोही एवढ्याशा अंतरात. म्हणून दक्षिणेकडे उतरणारे ओढे आखूड आणि उतावळे, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या नद्या निवांत.

ह्याची गंमत बघायची तर जानापावला जायचं. महू-मानपूरच्या मधे, ८५४ मीटर उंच, वर परशुरामाचं जन्मस्थान मानतात, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा. इथून साडेसात नद्या निघतात असं लोक सांगतात, आता ही अर्धी नदी कोणती ह्यावर प्रत्येकाचं वेगळं मत. पण मुख्य गोष्ट अशी की चंबळ इथून निघते ती उत्तरेला जाते, राजस्थानातून फिरून यमुनेला मिळते, मग गंगा, मग बंगालचा उपसागर. आणि ह्याच परिसरात पडलेलं पाणी चोरल, कारम असल्या नद्यांत गेलं की दक्षिणेला नर्मदेत आणि तिथून भडोचजवळ अरबी समुद्रात. एका टेकडीवर पाऊस पडतो आणि त्याची वाटणी दोन समुद्रांत होते. क्षिप्रासुद्धा अशीच, इंदूरच्या आग्नेयेला उज्जैनी गावाजवळ काकरी बरडीच्या टेकडीतून निघते आणि लगेच पाठ फिरवून उज्जैनला जाते. आपली कान्ह, जिला आम्ही लहानपणी खान नदी म्हणायचो आणि जिच्यावरून जाताना नाकाला रुमाल लावायचो, तीही शहराच्या दक्षिणेकडूनच येते आणि शेवटी क्षिप्रेत पडते. म्हणजे इंदूरच्या रामबागेत पडलेला पाऊस प्रयागला जाणार आणि सिमरोलच्या दोन वळणं पुढे पडलेला गुजरातला.

आता ह्याच्यातला विनोद ऐका. कडेवर बसलेल्या शहराला मोठी नदी मिळत नाही, कारण नद्या तर इथून नुसत्या सुरू होतायत. होळकरांनी तलाव बांधले, १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर केला, तरी शहर वाढतच गेलं. मग शेवटी पाणी खालून आणायचं ठरलं. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं, मंडलेश्वरजवळ जलूदहून. माझी आजी सांगायची त्या वेळेला लोकांनी नळाची पूजा केली होती. ते पाणी पंपांनी पाचशे मीटरहून जास्त चढवावं लागतं, कडेवरच्या, इंदूरपेक्षा उंच अशा वांचू पॉइंटपर्यंत आणून सोडलं की मग पुढे उतारानं येतं. आज आपल्या घरातला नळ उघडतो ते पाणी ह्याच जंगलातून पाइपातून चढून आलेलं असतं, आणि विजेचं बिल महापालिकेला किती येत असेल ते विचारूच नका. वर २०१४ पासून क्षिप्रेतसुद्धा नर्मदेचं पाणी पंपानं चढवून उज्जैनीला सोडतायत, कारण नदी उगमालाच कोरडी. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इथे अजून प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी म्हणतंच, मग बोअरवेल किती फुटांवर लागली ह्याची चर्चा होते.

जंगलातली झाडं आणि खालचा उतार थोडं तरी पाणी धरून ठेवतात, पण फार नाही, कारण माती पातळ. हे कळलं नाही की माणसं मरतात. सगळ्यांना पातालपानीचा तो व्हिडिओ आठवत असेल, २०११ चा जुलै, एक कुटुंब धबधब्याच्या वरच्या अंगाला खडकावर अडकलेलं, बघता बघता पाणी वाढतं आणि सगळे वाहून जातात. लोक म्हणाले अचानक पूर आला. अचानक काही नसतं. चोरल नदी तिथे अजून लहान आहे, तिचं पाणलोट महूकडचं, पठारावरचं. तिथे जोरात पाऊस झाला की पाणी मुरायला मातीच नाही, खाली खडक, ते सरळ नदीत आणि नदी सरळ कड्याकडे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, छान फोटो येतायत, आणि वरून थोड्या वेळात गुडघाभर पाण्याचं छातीभर होतं. खूण म्हणजे पाणी गढूळ होतं आणि काटक्या-पानं वाहत यायला लागतात, ते दिसलं की पिकनिकचे बाफले (उकडून भाजलेल्या कणकेच्या बाट्या) तसेच टाकून बाहेर निघायचं. आता तिथे रेलिंग वगैरे लावलीयेत. पण तिंछा, मुहाडी, शीतलामाता, जोगी भडक, मेहंदी कुंड, बामनिया कुंड, हत्यारी खोह, ह्या बाकीच्या धबधब्यांवरही सगळीकडे दगडाची आणि पाण्याची रचना तीच आहे. हत्यारी खोह असं नाव जुन्या लोकांनी उगाच ठेवलं नसणार ना. तरी दरवर्षी कोणीतरी रील करायला कडेवर जातं.

बाकी पावसाळ्यातली इंदूरची पिकनिक हा वेगळा विषय आहे, कंडे (गोवऱ्या), दाल-बाफले, वरून तूप, सेव तर पाहिजेच, आणि परत येताना तितकाच कचरा. सफाईत देशात पहिला नंबर आणतो म्हणून आपण छाती फुगवतो, पण ती सफाई तेजाजी नगरच्या चौकापर्यंतच.

पातालपानीचं दुसरं वेड म्हणजे रेल्वे. माझे काका रेल्वेत होते, घाट सेक्शनच्या गोष्टी सांगायला लागले की जेवण गार व्हायचं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं ते खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून, राजानं सरकारला कर्ज देऊन आपल्या गावाला गाडी आणवली, हे आजच्या आमदारांना ऐकवा. लाइन खालून वर चढवायची तर कुठून, तर नदीनं जिथे कडा कापून ठेवलाय तिथूनच. चोरलच्या खोऱ्यातून. कालाकुंड ते पातालपानी हे जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण चढ चाळीसला एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, रेल्वेला हे फार आहे. कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लागायचं आणि वरून खाली येताना पातालपानीला गाडी थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. लोक म्हणतात गाडी टंट्या मामाला सलामी द्यायला थांबते. हा टंट्या मामा म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेला टंट्या भील, त्याला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली आणि प्रेत इथे रुळाजवळ आणून टाकलं असं मानतात, त्यांचं मंदिर आहे तिथे, स्टेशनलाही आता त्यांचं नाव दिलंय. काकांना विचारलं की खरं काय, सलामी का ब्रेक, तर म्हणायचे दोन्ही, ड्रायव्हर हात जोडतो आणि गार्ड ब्रेक बघतो.

मीटरगेजची ती नेहमीची गाडी २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. ब्रॉडगेजला एवढा चढ चालत नाही म्हणून नवी लाइन वेगळ्या वाटेनं, लांबून वळसा घेत, बोगद्यांतून नेतायत, आणि त्यासाठी जंगलातली जमीन लागतेय. जुन्या तुकड्यावर २०१८ च्या नाताळापासून हेरिटेज ट्रेन चालते, मोठ्या काचांचे डबे, पावसाळ्यात तिकीट मिळता मिळत नाही. जाऊन या जरूर. कालाकुंडला उतरलं की पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, गरम, थोडा रवाळ, तो खाल्ला नाही तर गेलात कशाला.

पण मला विचाराल तर हे जंगल बघायचं पावसाळ्यात नाही. पावसाळ्यात काय, सगळंच हिरवं, रस्त्याच्या कडेचा उकिरडाही हिरवा. हे पानगळीचं जंगल आहे, त्याचा स्वभाव फेब्रुवारी ते मे मधे कळतो. एकदा चोरलच्या बाजूला एका नाकेदारांबरोबर फिरायला मिळालं होतं (नाकेदार म्हणजे आपला बीट गार्ड, इथे सगळे नाकेदारच म्हणतात). त्यांनी सागाचं एक कोवळं पान तोडलं आणि माझ्या तळहातावर चोळलं, तळवा लालभडक, मेंदीसारखा नाही, कुंकू सांडल्यावर होतो तसा, आणि संध्याकाळी घरी भांडी घासून झाली तरी थोडा होताच. म्हणाले, ‘‘दीदी, सागौन को पहचानने में कोई धोखा नहीं खाता, पर चोर भी इसी से पहचानता है।’’ मग जुनं पान दाखवलं, ज्याचं सगळं हिरवं किड्यानं खाऊन फक्त शिरांची जाळी उरली होती, आरपार बघता येईल अशी. पाऊस संपताना डोंगरचे डोंगर तपकिरी दिसतात आणि लोकांना वाटतं झाडं वाळली, तर ते ह्या अळीचं काम, झाड मरत नाही.

त्या दिवशी त्यांनी अजून एक दाखवलं, की झाडं बघून खालची जमीन कशी ओळखायची. जिथे जरा माती साचलीये, उताराच्या खालच्या भागात, तिथे साग उंच आणि सरळ. जिथे नुसता खडक, कडेच्या टोकाला, तिथे सालई आणि कांडोळ, कांडोळाचं खोड पांढरंफटक, रात्री गाडीच्या उजेडात दचकायला होतं. धावडा दोन्हीकडे जमवून घेतो. ओढ्याच्या काठाला अर्जुन, उंबर, करंज, तिथे मे महिन्यातही सावली. आणि घाट उतरून निमाडच्या गरमीत गेलं की अंजन सुरू होतो, वर पठारावर तो असा भेटत नाही. एकाच रस्त्यानं तासाभरात खाली उतरताना झाडं बदलत जातात, हवा बदलते, गाडीची काच खाली केली तर कळतं, वर बरी वाटणारी संध्याकाळ खाली बलवाड्याला भट्टी झालेली असते. शब-ए-माळवा म्हणून जे कौतुक आहे ना रात्रीच्या गारव्याचं, ते ह्या चारशे मीटरचं देणं.

मार्चमधे पळस फुलतो, त्याच सुमारास मोह गळायला लागतो. भील-भिलाला बाया-मुलं पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात, आणि त्यातली एखादी आग वाऱ्यानं निसटली की डोंगर पेटतो, एप्रिलमधे महूच्या बाजूला रात्री ज्या नारिंगी रेघा दिसतात त्यातल्या बऱ्याच अशा. सरसकट त्यांना दोष द्यायला मात्र मला जमत नाही, त्यांचा वर्षाचा पैसा त्यात आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. सकाळी तोडायचा, दुपारी अंगणात बसून पन्नास-पन्नास पानांची गड्डी बांधायची आणि संध्याकाळी फडावर नेऊन मोजून द्यायची, हजार गड्ड्यांचं एक स्टँडर्ड पोतं. एका आजीबाईंची बोटं बघत बसले होते मी, पान उचललं, देठ जुळवला, फाटकं बाजूला, मोजणी तोंडानं नाहीच, बोटांनाच कळत होतं पन्नास कधी झाली.

जनावरांचं म्हणाल तर बिबटे आहेत आणि बऱ्यापैकी आहेत. आयआयटी सिमरोलला जंगलाला लागूनच आहे, तिथे दिसतो, खंडवा रोडच्या कॉलन्यांत शिरल्याच्या बातम्या येतात. रालामंडलची टेकडी, ७८२ मीटर, तिच्यावर होळकरांचा शिकारखाना होता, १९८९ मध्ये अभयारण्य झालं, पण ते आता चारी बाजूंनी शहरानं गाठत आणलेलं लहानसं बेट आहे, हरणं-नीलगायी दिसतील, रविवारी माणसंच जास्त दिसतील. खरं जंगल कडेचं. आणि वाघ? २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी भागात सीसीटीव्हीत वाघ दिसला तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता, वाघ आला कुठून. नकाशा बघा म्हणजे कळेल कुठून. ही पट्टी पूर्वेला उदयनगर, बागलीकडून देवास जिल्ह्यातल्या खिवनी अभयारण्यापर्यंत जाते, तिथे वाघ आहेत, आणि त्याच्या पुढे भोपाळजवळ रातापानी, जो डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिकडून झाडीतून इकडे यायचं तर वाट हीच, दुसरी नाही. पट्टी अरुंद असण्याचा मुद्दा इथे येतो. मोठ्या गोल जंगलात एक कॉलनी घुसली तर जनावर बाजूनं जातं. इथे मधे एक आडवी भिंत घातली की जंगलाचे दोन तुकडे.

आणि आडव्या गोष्टी वाढतायत. माळव्यातून निमाडात जाणारं सगळंच ह्या पट्टीला आडवं जातं, आग्रा-मुंबई हायवे मानपूरकडून, खंडवा रोड भेरू घाटातून, मंडलेश्वर रोड, रेल्वे, नर्मदेचे पाइप, विजेचे टॉवर. खंडवा रोड चौपदरी होतोय, त्यात बोगदे आहेत, आणि बोगद्याच्या मी बाजूनं आहे, डोंगराच्या पोटातून गाड्या गेल्या तर वरून बिबट्याला जाता येईल, शिवाय भेरू घाटातले अपघात आणि ते तासन्तासांचे जाम सुटतील. रस्त्याला मी एवढी घाबरत नाही. रस्त्याच्या मागून जे येतं त्याला घाबरते, म्हणजे प्लॉट.

सिमरोलच्या पुढे आता प्रत्येक वळणावर बोर्ड, फॉरेस्ट व्ह्यू, व्हॅली व्ह्यू, हिल काउंटी, जंगलाच्या नावानं जंगलाच्या कडेला फार्महाऊस. इंदूरच्या लोकमान्य नगर, राजेंद्रनगरमधले आपलेच मराठी लोक घेतायत, रिटायरमेंटचे पैसे टाकून, दोन आंब्याची झाडं लावू, नातवंडं येतील. इच्छा चांगली आहे हो. पण कडेच्या वरची ती शेवटची सपाट जमीन सगळ्यात नाजूक, तिथलंच पाणी खाली झऱ्यांना जातं, तिथे प्रत्येकानं एकेक बोअर मारला आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण केलं तर खाली कुंडात काय येणार. हे मी आमच्या ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी उत्तर दिलं की मग आम्ही राहायचं कुठे, आणि त्याच्याखाली पाच अंगठे. काका, राहा की, उत्तरेला सुपर कॉरिडॉर आख्खा पडलाय.

तरीही घ्यायचाच असेल तर एक करा. जंगलाच्या हद्दीवर वन विभागाचे दगडांचे मुनारे असतात, चुना लावलेले, नंबर घातलेले, गवतात लपलेले असतात पण असतात. प्लॉट दाखवायला नेणाऱ्याला पहिल्यांदा विचारा जवळचा मुनारा कुठाय. तो इकडेतिकडे बघायला लागला तर टोकन देऊ नका, खसऱ्याची (आपल्या सातबाऱ्यासारखी जमिनीची नोंद) नक्कल काढा आणि रेंज ऑफिसात जाऊन त्यांच्या नकाशावर लावून घ्या, सकाळी अकराच्या आत गेलात तर रेंजर साहेब जागेवर भेटतात.